सुरतेची वाट न सांगणारा ड्रायव्हर

श्रावणातला तो सोमवार अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. गेला असता तर मीच त्याला शोधून, बेड्या घालून परत आणला असता.

जुन्नर तालुक्यात, नाशिक रस्त्यावरच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. या लिखाणात कोणाचंही नाव येणार नाही. माणसं अजून तिथंच राहतात, आणि त्यातली काही तर शिक्षा भोगून परतही आली आहेत. स्वतःबद्दल मात्र थोडं सांगतो. माझा आवाज तेव्हा असा होता, की आळेफाट्याच्या चौकात मी "ए!" म्हटलं की सगळ्या बाजूंच्या गाड्या जागच्या जागी थांबत, आणि एखादी तिकडं पुढच्या बोटा गावाजवळही थांबत असे. यात थोडी भर मी घातली असेल. पण थोडीच.

हंगाम टोमॅटोचा होता. नारायणगावच्या बाजारातून रोज ट्रक भरून निघत. कुणी इंदूरला, कुणी दिल्लीला, बरेचसे सुरतेला. आणि सुरतेचे ट्रक लुटले जात होते. पद्धत अशी, की ऐन रस्त्यात एक फलक उभा असायचा, 'पुढे रस्ता बंद, वाहने इकडून वळवा'. शेजारी भगवी जाकिटं घातलेली दोन माणसं, हातात लाल झेंडी, तोंडात शिट्टी. ड्रायव्हर बिचारा वळायचा. कच्च्या रस्त्यानं आत अर्धा किलोमीटर गेला की पुढं आडवी जीप आणि मागं आडवा टेम्पो. ड्रायव्हरला झाडाला बांधायचं, क्रेट टेम्पोत भरायचे, फलक गुंडाळायचा आणि पसार. आज फलक माळशेजच्या रस्त्याला, तर चार दिवसांनी नाशिकच्या रस्त्याला. सापळा लावायचा तरी कुठं?

पहिल्या लुटीनंतर मी एक युक्ती काढली. ती युक्ती नीट लक्षात घ्या, कारण मी तिचा फार अभिमान बाळगून होतो. वारूळवाडीजवळ गाड्या बाहेर पडतात तिथं टेबल टाकून नोंदवही ठेवली. जाणाऱ्या प्रत्येक ट्रकनं गाडीचा नंबर, माल, कुठल्या रस्त्यानं जाणार आणि किती वाजता निघणार, हे लिहवून जायचं. गाडी हरवली तर शोध कुठं घ्यायचा ते आम्हाला लगेच कळावं, हा हेतू. वही सांभाळायला गावातलाच एक सज्जन नेमला. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, अक्षर मोत्यासारखं. शांतता समितीच्या बैठकीत मी त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कारही केला. वरिष्ठांनी ही योजना शेजारच्या तालुक्यातही राबवा म्हटलं. माझी छाती इतकी फुगली, की युनिफॉर्मची दोन बटणं शिंप्याकडं गेली.

आणि लुटी चालूच राहिल्या. आणखी तीन झाल्या.

तर तो सोमवार. भीमाशंकरला श्रावणी सोमवारचा बंदोबस्त, त्यामुळं ठाण्यातली बहुतेक माणसं तिकडं. मी, एक जुने हवालदार, दोन शिपाई आणि ठाणे अंमलदार एवढेच उरलो होतो. साडेदहाच्या सुमारास माझ्या मोबाइलवर फोन आला. आवाज दाबलेला.

"साहेब, लुटीतला माणूस पायजे का? पिवळ्या केबिनचा ट्रक, सुरतेचा. समद्या गाड्या लुटल्या जात्यात, त्याचीच कशी लुटली जात न्हाई? इचारा की जरा त्याला."

फोन बंद. नंबर अनोळखी.

अकरा वाजता ती गाडी आम्ही आळेफाट्याच्या अलीकडं अडवली. ड्रायव्हर पंचावन्नच्या आसपासचा, काटकुळा, डोक्याला मफलर. सगळे ट्रकवाले त्याला मामा म्हणत. गाडी ठाण्याच्या आवारात लावली, मामांना समोर बसवलं आणि मी पहिला, अगदी साधा प्रश्न विचारला.

"कुठल्या रस्त्यानं चालला होतात?"

"सुरतेला."

"ते कळलं. कुठल्या रस्त्यानं?"

"अजून ठरलं न्हाई सायेब."

आळेफाट्यावरून सुरतेला जायच्या वाटा तीन. माळशेज उतरून कल्याणवरून, नाही तर नाशिकवरून सापुताऱ्यानं, आणि तिसरी लांबची, आणे घाटातून नगर, धुळं करत. गाडी भरली, ताडपत्री बांधली, फाटा हाकेवर आला, तरी माणूस म्हणतो ठरलं नाही! मी टेबलावर हात आपटला. टेबल सागवानी होतं म्हणून वाचलं.

नोंदवही मागवली. मामांच्या गाडीची नोंद दर खेपेला होती, पण रस्त्याच्या रकान्यात प्रत्येक वेळी त्याच मोत्यासारख्या अक्षरात दोनच शब्द होते : 'सांगत नाही'. महिनाभरात वाट न सांगणारा हा एकटाच, आणि सुरतेच्या सगळ्यांत जास्त खेपा करूनही हा एकदाही लुटला गेला नव्हता. माझ्यासारख्या अनुभवी अधिकाऱ्याला आणखी काय हवं होतं? वरिष्ठांचा फोन आला, "संध्याकाळपर्यंत अटक दाखवा." मी "होय सर" म्हणालो.

तेवढ्यात आवारात एक रिक्षा येऊन थांबली आणि तिच्यातून एक बाई उतरल्या. निरगुडसरच्या शेतकरी, वय साठीच्या घरात, पदर खोचलेला. ट्रकमधला बहुतेक माल त्यांच्याच शेतातला. ठाणे अंमलदारानं "मावशी, बसा" म्हटलं, ते त्यांना ऐकूच गेलं नाही.

"कोन हाय हितला मोठा सायेब?"

"मी."

"माझी टमाटी आत घातली का तुमी?"

"टमाटी नाही बाई, ड्रायव्हर घातलाय. संशय आहे."

"त्या मानसावर संशय?" बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी नकळत टोपी सरळ केली. "ह्यो मानूस चोर आसंल तर माझी टमाटी बी चोरच म्हना, आन् मला बी घाला आत. आवं, त्या ताडपत्रीखाली वाफ धरलीय. पाच वाजायच्या आत गाडी सुटली तर उद्या पाटं सुरतेच्या बाजारात उभी ऱ्हाईल. न्हाई सुटली, तर तुमच्या आवारात समद्या ठान्याला पुरंल एवढा सार व्हईल. आन् ह्यो मानूस? चोर म्हनून एकदा नाव झालं, की ह्या बाजारात कोन माल भरंल त्याच्या गाडीत? त्याला दुसरं काय येतं?"

घड्याळात बारा वाजून गेले होते. बाई बाकावर बसल्या त्या बसल्याच.

मी मामांकडं परत गेलो. चौकशीचे माझे प्रकार तीन : आधी ओरडणं, मग चहा, मग गप्प बसणं. ओरडून झालं होतं. चहा मागवला. मामांनी बशीत ओतून, फुंकर मारून, शांतपणे प्यायला. शेवटी मी गप्प बसलो, आणि माझ्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल ते माझ्या घरच्यांना विचारा. दहा मिनिटं गेली. मग मामाच बोलले.

"सायेब, रागावू नका. आमच्यात उद्याची वाट आज बोलत न्हाईत."

"तुमच्यात म्हणजे?"

"आमी मेंढरंवालं. आजा, बाप समदं मेंढरामागं गेलं. मी ष्टेरिंग धरलं, एवढाच फरक. वाडा म्हंजी आमची समद्यांची मिळून मेंढरं, घोडी, बिऱ्हाडं. त्या वाड्याचा एक कारभारी असतो. उद्या कुठं उतरायचं ते त्याला एकट्याला ठाव. त्यो आदल्या दिशी पुढं जाऊन पानी बघतो, चारा बघतो, शेतवाला कसा हाय ते बघतो. माघारी येतो, पर कुनाला सांगत न्हाई. बायकूला बी न्हाई. सकाळी काठी उचलून दावतो, 'हिकडं'. मग समदं चालतं."

"का सांगत नाही?"

"बोललं का पसरतं. मग आदी दुसऱ्याचा वाडा जाऊन चारा खातो, न्हाईतर चोर जाऊन बसतो. लांडग्याला वाट ठाव नसते म्हनून मेंढरू वाचतं सायेब."

"आणि ट्रकची वाट कशी ठरवता? फोनवर नकाशा बघून?"

मामा पहिल्यांदाच हसले. "फोनला समदं मागनं कळतं. मी फाट्यावर उभा ऱ्हातो, एक चा पितो आन् येनाऱ्या गाड्या बघतो. माळशेजकडनं येनाऱ्या गाडीचं वायपर चालू असलं तर वर धुकं. टायरला तांबडा गाळ असला तर डोंगर सुटलाय. नाशिककडनं येनारी गाडी पांढऱ्या धुळीनं भरली असंल तर रस्त्याचं काम चालू. ड्रायव्हर शिव्या देत उतरला तर ट्राफिक जाम. समदं गाडीच्या तोंडावर लिवलेलं असतं. मग ठरवायचं. आदी ठरवून काय करायचं? वाट रोज बदलती."

छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी फार हुशार माणसं पाहिली, त्यातली निम्मी आरशात. पण त्या क्षणी मला जाणवलं, की खुर्चीच्या पलीकडचा माणूस माझ्यापेक्षा बरा तपास करतो.

मी उठून बाहेर आलो. जुने हवालदार वऱ्हांड्यात पान लावत होते. त्यांना म्हणालो, "मामा वाट सांगत नाही म्हणून लुटला जात नाही. मग जे लुटले गेले, त्यांनी वाट कोणाला सांगितली?"

हवालदार पानाला चुना लावता लावता, वर न बघता म्हणाले, "आपल्यालाच की सायेब."

एखाद्यानं कानशिलात मारावी तसं झालं. मी वही ओढली आणि लुटीच्या फिर्यादी शेजारी मांडल्या. पहिल्या लुटीच्या वेळी वही नव्हती. तेव्हा चोर दोन दिवस फलक लावून बसले होते आणि शेवटी सापडलेला ट्रकही अर्धाच भरलेला होता. वहीनंतरच्या तिन्ही लुटी मात्र एकदम नेमक्या. पहिल्या ट्रकनं माळशेज लिहिलं, माळशेजला लुटला. दुसऱ्यानं नाशिक लिहिलं, नाशिकच्या वाटेला लुटला. तिसऱ्यानं आणे घाट लिहिलं, तिथं! चौथ्या एकानं लिहिलं माळशेज, पण वाटेत बायकोचा फोन आला म्हणून माळशेजच्या वाटेवरच्या ओतूरला न जाता नाशिककडं वळला. तो सुखरूप पोचला. चोरांना मी रोज बसल्या जागी वेळापत्रक पुरवत होतो. तेही सरकारी वहीत, सुवाच्य अक्षरात.

वही बघणारे दोघेच : आमचं ठाणं आणि दोन पेनांचा तो सज्जन.

पुरावा नव्हता. नुसता अंदाज होता, आणि घड्याळात एक वाजला होता. बाकावर बाई, आवारात टोमॅटो, आत मामा. मी ठरवलं, आजच. उद्या नाही.

मी सज्जनाला फोन लावला. असा भोळा, थकलेला आवाज काढला, की तो मी पूर्वी कधी वापरला नव्हता आणि नंतरही वापरलेला नाही.

"अहो, तो पिवळ्या केबिनवाला सोडावा लागतोय. पुरावाच नाही. पण एक बरं झालं, दमात घेतल्यावर वाट बोलला. तुमच्या वहीत नोंद अपुरी राहायला नको. माळशेज लिहा. अडीचला निघतोय."

"लिहितो साहेब, लिहितो," सज्जन म्हणाला. मग जरा थांबून, "सोबत कोणी पोलीस देताय का त्याला? काळजी वाटते हो."

"माणसं कुठली? सगळी भीमाशंकरला."

"अरेरे," तो म्हणाला. त्या 'अरेरे'मध्ये मला लग्नातला बँड ऐकू आला.

आता उरलं मामांना विचारणं. चोरांच्या तोंडात गाडी घालायची होती, आणि गाडी त्यांची होती. मी सगळं खरं सांगितलं. वहीची कल्पना माझी होती, हेही. मामा ऐकत राहिले. मग म्हणाले, "मालाचं ती बाई ठरवंल."

बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "क्रेट फुटलं तर फुटलं. पर पाचच्या आत गाडी मोकळी करायची. शब्द द्या."

मी शब्द दिला.

शेजारच्या ठाण्याला कळवून, स्टेशन डायरीला नोंद घेऊन, अडीचला गाडी निघाली. ताडपत्रीखाली, क्रेटच्या वर, मी, हवालदार आणि दोन शिपाई पालथे पडलो होतो. माझं वजन तेव्हा शंभरच्या पुढं. ओतूरपर्यंत माझ्या खालचे टोमॅटो क्रेटमध्येच शहीद झाले आणि त्यांचं रक्त माझ्या युनिफॉर्मला लागलं. पुढं वर्तमानपत्रात 'अधिकारी जखमी' असं छापून आलं आणि मी ते खोडायला गेलो नाही. वाफ अशी, की हवालदार कुजबुजले, "सायेब, बाई खरं बोलत व्हती. सार व्हायला लागलाय."

ओतूर मागं पडलं. पावसाची भुरभुर होती. एकाएकी गाडी हळू झाली आणि शिट्टी ऐकू आली.

"ए मामा! पुढं दरड पडलीय. इकडनं घे."

"लई येळ लागंल का?" मामांचा आवाज अगदी साधा, कंटाळलेला.

"न्हाई न्हाई. आतनं रस्ता हाय. चल."

गाडी वळली. खड्डे, चिखल, फांद्या ताडपत्रीवर घासतायत. आमचं ठरलं होतं की पुढं जीप दिसली की मामा तीनदा हॉर्न देतील. गाडी थांबली. दारं उघडल्याचे आवाज. कोणीतरी म्हणालं, "उतर खाली, म्हाताऱ्या. लई दिवस गावला न्हाईस."

मग हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा इतका लांब, की तो अजून वाजतोय असं मला कधी कधी वाटतं.

आम्ही ताडपत्री फाडून उभे राहिलो. आता मी त्या वेळी "हलू नका!" म्हणालो, त्यानं समोरच्या झाडावरचे बगळे जवळच्या धरणापलीकडं उडून गेले असं मी सांगतो, हवालदार म्हणतात, बगळे नव्हतेच. टोमॅटोत न्हालेला, लालभडक झालेला शंभर किलोचा माणूस ट्रकच्या डोक्यावर उभा बघून चार चोरांतला एक जागच्या जागी खाली बसला, हे मात्र खरं आहे. एक पळाला, त्याला शिपायानं चिखलात गाठला. उरलेल्या दोघांना मामांनीच जीपच्या दारापाशी अडवलं होतं, हातात चाकाचा पाना घेऊन. मारला नाही कुणाला. नुसता धरला होता.

पंचनामा जागेवरच केला. फलक, जाकिटं, जीप, टेम्पो जप्त. चौघांपैकी एकाच्या मोबाइलवर दीड वाजताचा फोन होता, आणि तो केला होता आमच्या सज्जनानं. त्याला त्याच्याच टेबलावरून उचललं. वहीत शेवटची ओळ ताजी होती : पिवळी केबिन, टोमॅटो, माळशेज, अडीच. सकाळी मला टिप देणारा नंबरही त्याच्याच टेबलाच्या खणात, दुसऱ्या सिमकार्डात सापडला. लुटीचा संशय वाट न सांगणाऱ्यावरच ढकलायचा, म्हणजे धाकानं बाकी सगळे वाट सांगत राहतील आणि त्या रकान्यात एकही रिकामी जागा राहणार नाही, असा त्याचा हिशोब.

पावणेपाचला गाडी आळेफाट्याच्या चौकात उभी होती. सकाळी घेतलेलं मामांचं लायसन्स मी त्यांच्या हातात दिलं. बाई तिथंच होत्या. फुटलेल्या क्रेटकडं बघून म्हणाल्या, "सायेब, तुमी वांग्याच्या गाडीवर झोपायला पायजे व्हतं."

मामांनी चहा घेतला. येणाऱ्या गाड्या बघत उभे राहिले. मीही बघायला लागलो, आणि बघता बघता मला थोडं थोडं कळायला लागलं : इकडून बराच वेळ गाडीच आली नाही, तिकडून आलेल्या गाडीचा ड्रायव्हर हसत उतरला. मामांनी कप ठेवला, मफलर आवळला, केबिनमध्ये चढले.

सवयीनं माझ्या तोंडावर आलं, "मामा, कुठल्या..." आणि मी तोंड मिटलं.

मग मी चौकाच्या मध्यभागी गेलो, हात वर केले आणि सगळ्या बाजूंची वाहतूक थांबवली. प्रभारी अधिकारी स्वतः, टोमॅटोच्या रसात. लोक बघत होते. त्यांना कोणता मंत्री येतोय ते कळेना. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, तशी मी त्या गाडीकडं पाठ केली आणि चौकातल्या वाहतूक पोलिसालाही म्हणालो, "वळ रे." आम्ही दोघं तिसरीकडंच बघत उभे राहिलो, आवाज पूर्ण विरेपर्यंत. मामा कुठल्या रस्त्यानं गेले ते मला आजतागायत माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात बाईंचा फोन आला. "पोचली टमाटी. बाजार सुरू व्हायच्या आदी उभी व्हती गाडी. आन् मामानं सांगितलंय, पुढल्या खेपेला बी त्योच नेनार."

नोंदवही मी त्याच दिवशी बंद केली. वरिष्ठांना कारण लेखी हवं होतं, ते दिलं. पुढं जिथं जिथं बदली झाली, तिथं पहिल्या दिवशी एकच चौकशी केली : आपण लोकांकडून काय काय लिहून घेतो आणि ते कोण वाचतं? दर ठाण्यात दोन-तीन वह्या तरी बंद कराव्या लागल्या. माणूस आपल्या भल्यासाठीच विचारतोय म्हणून लोक त्याला सगळं सांगतात, आणि विचारणाऱ्यालाही आपण भलंच करतोय असं वाटत असतं. माझ्या मुलखातल्या मेंढपाळांना हे पिढ्यान् पिढ्या माहीत होतं. मला ते शिकायला वर्दी लाल करून घ्यावी लागली.

खटला उभा राहिला तेव्हा मामांची साक्ष झाली, बाईंची झाली, मग माझी. बचाव पक्षाचे वकील चांगले तयारीचे होते. उलटतपासणीला उभे राहिले, वही हातात घेतली, उंच धरली आणि म्हणाले, "आरोपींना गाड्यांची माहिती पुरवणारी ही नोंदवही. ही सुरू करण्याची कल्पना कोणाची होती?"

चौकशीत माणसं या ठिकाणी काय करतात ते मी आयुष्यभर पाहिलं होतं. वरिष्ठांचे आदेश, समितीचा ठराव, तेव्हाची परिस्थिती. माझ्या आवाजाचं कौतुक मी वर केलंच आहे. त्या दिवशी न्यायाधीशांनी मला थोडं मोठ्यानं बोलायला सांगितलं.

मी पुन्हा म्हणालो, "माझी."